टॉर ब्राउझर: नेमकं काय लपतं आणि काय लपत नाही?

बोरकूट:
'इन्कॉग्निटो लावलं की झालं' असं समजणाऱ्यांसाठी हा धागा नाही. त्या खिडकीने फक्त आपल्याच मशीनवरची हिस्टरी आणि कुकीज पुसल्या जातात. इंटरनेट कंपनीला, ऑफिसच्या नेटवर्कवाल्याला आणि समोरच्या साइटला सगळं पूर्वीसारखंच दिसत राहतं. प्रश्न त्यापुढचा आहे.

दोन कामं डोळ्यांसमोर ठेवा. (१) एखादा आजार, कर्ज, घटस्फोट अशा विषयावर वाचायचं आहे आणि ते वाचन आपल्या नावाला किंवा नंबराला चिकटायला नको. (२) नगरपालिकेच्या कामातले घोळ दाखवणारे कागद पत्रकाराकडे पोचवायचे आहेत आणि पाठवणारा कोण ते कळता कामा नये.

माझं मत असं: पहिल्यासाठी टॉर ब्राउझर (साइटपर्यंतची वाट स्वयंसेवकांच्या तीन यंत्रांतून फिरवणारा ब्राउझर) पुरतो, दुसऱ्यासाठी नुसता तो पुरत नाही, आणि विकतचं व्हीपीएन (सगळी रहदारी एका कंपनीच्या सर्व्हरमधून नेणारी सेवा) दोन्हींसाठी चुकीचं उत्तर आहे. कोणाला कुठे काय दिसतं आणि माणसं कुठे सापडतात, ते जाणकारांनी नेमकं लिहावं. 'गूगलला सगळं माहीतच असतं' छापाचे प्रतिसाद कृपया नकोत.

चिंचगुळ:
टॉरच्या चिन्हातला कांदा बघून धाग्यात शिरलो. लासलगावला आज भाव काय निघाला? (ह. घ्या.)

उंबरठा:
पायऱ्या मांडून ठेवतो, म्हणजे पुढची भांडणं तरी नेमकी होतील.

टॉर ब्राउझर नेटवर्कमधली तीन यंत्रं, म्हणजे रिले, निवडतो: गार्ड (पहिला), मधला रिले आणि एक्झिट (शेवटचा). विनंतीवर एन्क्रिप्शनचे तीन थर चढतात, प्रत्येक रिले आपल्या वाट्याचा एकच थर उतरवतो. आता कोणाला काय कळतं:

इंटरनेट कंपनीला: तुम्ही टॉर वापरताय, किती वाजता आणि किती डेटा गेला. साइट कळत नाही. डीएनएसची चौकशीही (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणं) पलीकडे एक्झिटच करतो.
गार्डला: तुमचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता). साइट नाही.
मधल्याला: दोन्ही नाही.
एक्झिटला: साइट कळते, तुम्ही नाही. साइट एचटीटीपीएसवर (म्हणजे एन्क्रिप्टेड) नसेल तर मजकूरही वाचता येतो.
साइटला: एक्झिटचा आयपी.

एकाच मालकाने आपले म्हणून जाहीर केलेले दोन रिले एका सर्किटात (तीन रिलेंच्या वाटेत) घेतले जात नाहीत, आणि ज्यांच्या आयपीचे पहिले दोन आकडे सारखे आहेत असेही नाहीत. गार्ड मात्र मुद्दाम काही आठवडे ते महिने तोच ठेवतात. रोज नवा घेतला तर कधी ना कधी पाळत ठेवणाऱ्याचाच गार्ड पदरात पडणार, हे त्यामागचं गणित. पत्त्याच्या पट्टीतल्या सर्किटच्या चिन्हावर टिचकी मारलीत की तिन्ही देश दिसतात. पहिला बदलत नाही म्हणून काही बिघडलंय असं समजू नका.

पाटावरवंटा:
पण हे अमेरिकन नौदलाचंच अपत्य ना? मग विश्वास कसला ठेवायचा?

उंबरठा:
हो, कल्पना १९९० च्या दशकाच्या मध्यात त्यांच्याच संशोधन प्रयोगशाळेत आली. कारणही सरळ होतं. फक्त नौदलाचीच माणसं वापरतात असं नेटवर्क असेल, तर त्यातून बाहेर येणारा प्रत्येक जण नौदलाचा. गर्दी हवी, म्हणून सगळ्यांना मोकळं करावंच लागलं. २००२ मध्ये नेटवर्क सुरू झालं, कोड मुक्त परवान्याखाली आला, २००६ मध्ये टॉर प्रोजेक्ट ही ना-नफा संस्था झाली. कोड उघडा आहे आणि रिले हजारो स्वयंसेवकांचे आहेत. विश्वास एकट्या कोणावर टाकावा लागत नाही, एवढीच त्याची मजा.

गजरेवाली:
व्हीपीएनबद्दल बोरकूट यांच्याशी अर्धीच सहमत. व्हीपीएन म्हणजे इंटरनेट कंपनीच्या जागी दुसरी कंपनी बसवणं. तुमचा आयपी आणि तुमची साइट, दोन्ही एकाच्याच हातात. शिवाय भारतात सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेने २८ एप्रिल २०२२ ला काढलेल्या निर्देशांप्रमाणे व्हीपीएन सेवा देणाऱ्याने ग्राहकाचं नाव, पत्ता, संपर्क, दिलेला आयपी आणि वापराचं कारण पाच वर्षं जपायचं आहे. कंपन्यांच्या अंतर्गत व्हीपीएनला यातून सूट आहे. एक्सप्रेस, नॉर्ड, सर्फशार्क यांनी त्याच वर्षी भारतातले सर्व्हर काढून घेतले. तुम्हाला दिसणारा 'इंडिया' सर्व्हर आता बहुधा दुसऱ्याच देशात असतो.

पण कॅफेच्या किंवा स्टेशनच्या फुकट वायफायवर, नाहीतर परदेशातून इथल्या साइट उघडायला व्हीपीएन ठीकच आहे. तिथे निनावी राहायचं नसतं, वाट सुरक्षित हवी असते. दोन गरजा वेगळ्या आहेत.

नेटकर_७७:
सोपा उपाय: आधी व्हीपीएन, त्यावर टॉर. डबल सुरक्षा. विषय संपला.

उंबरठा:
संपला नाही. त्याने इंटरनेट कंपनीला टॉर दिसत नाही, पण व्हीपीएनवाल्याला दिसतो, आणि त्याच्याकडे तुमच्या कार्डाचा नंबर आहे. टॉरचा वापर लपवणं हाच हेतू असेल तर त्यासाठी ब्रिज (जाहीर यादीत नसलेले, आत शिरायचे रिले) आहेत. उलट क्रम, म्हणजे टॉरमधून व्हीपीएन, तर आणखी वाईट: सगळी रहदारी एकाच खात्यातून एकाच दाराने बाहेर पडते.

सुगरण_पक्षी:
ब्रिजचं लिहिते. सेटिंग्जमध्ये 'कनेक्शन' उघडा, तिथे प्रकार दिसतात.

ओबीएफएस४: रहदारी अशी विस्कटते की ती टॉरची आहे हे पटकन ओळखू येत नाही. पत्ता ब्राउझरमधूनच मागता येतो, टेलिग्रामवरच्या बॉटकडून किंवा जीमेलवरून मेल टाकूनही मिळतो.
स्नोफ्लेक: जगभरातल्या स्वयंसेवकांच्या ब्राउझरमधून जाणारी तात्पुरती वाट. व्हिडिओ कॉलसारखी दिसते. कधीकधी फार रखडते.
वेबटनेल: २०२४ मध्ये आला, साध्या एचटीटीपीएस साइटसारखा भासतो.

भारतात ब्रॉडबँडवर टॉर सहसा ब्रिजविना जोडला जातो. कॉलेजच्या किंवा कंपनीच्या फायरवॉलमागे मात्र ब्रिज लागतो. त्या ठिकाणी तो हवाच याला दुसरंही कारण आहे. डिसेंबर २०१३ मध्ये हार्वर्डमध्ये परीक्षा टाळण्यासाठी बॉम्बची धमकी मेल करणारा विद्यार्थी टॉरमधूनच गेला होता. टॉर फुटला नाही. विद्यापीठाच्या वायफायवर त्या वेळी टॉर वापरणारे मोजकेच होते, त्यांच्या नोंदी काढल्या, विचारपूस केली, त्याने कबूल केलं. गर्दी नसेल तर लपायचं कुठे?

चिंचगुळ:
परीक्षा टाळायला आपल्याकडे आजी-आजोबांचं आजारपण पुरतं.

खडूस_काका:
आधी हे सांगा, भारतात हे कायदेशीर आहे का? उगाच पोरं वाचून नादाला लागायची.

गजरेवाली:
काका, टॉर वापरण्यावर देशात बंदी नाही. खासगीपणा मूलभूत हक्क आहे हे सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ ला पुट्टस्वामी खटल्यात सांगितलंय. जम्मू-काश्मीरच्या काही जिल्ह्यांत जिल्हाधिकाऱ्यांनी व्हीपीएनवर तात्पुरते मनाई आदेश काढलेत, तेव्हा स्थानिक आदेश बघावा. आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९ खाली मशीन उघडून देण्याचा आदेश आला आणि मदत नाकारली तर सात वर्षांपर्यंत शिक्षेची तरतूद आहे. हत्यार कायदेशीर आहे म्हणून त्याने केलेला गुन्हा कायदेशीर होत नाही, हे ओघानं आलंच.

दगडफूल:
आता ब्राउझर उतरवण्यापासून. टॉरप्रोजेक्ट डॉट ऑर्ग सोडून कुठूनही घेऊ नका. सर्चमध्ये वर येणाऱ्या जाहिरातीतून तर मुळीच नाही. ती साइट अडवलेली असेल तर त्यांच्या 'गेटटॉर' पत्त्यावर मेल टाका, दुवे येतात. फाइलसोबत डॉट एएससी शेपटाची छोटी सही-फाइल असते, तीही उतरवा आणि विंडोजवर जीपीजी४विन हा सही तपासणारा प्रोग्रॅम वापरून पडताळा. 'गुड सिग्नेचर' दिसायला हवं. 'ही किल्ली विश्वासू म्हणून नोंदलेली नाही' अशी तंबी त्याखाली येते, तिच्याकडे दुर्लक्ष केलं तरी चालेल. 'बॅड सिग्नेचर' आलं तर फाइल उडवा.

विंडोजवर तो मुळात डेस्कटॉपवरच्या एका फोल्डरात बसतो. काढायचा तर फोल्डर डिलीट करायचा आणि रीसायकल बिन रिकामा करायचा.

बसवल्यावर तीन गोष्टी करू नका:
खिडकी मोठी करायला धडपडू नका. आतल्या पानाचा आकार ठरावीक मापात गोल करून कडेला राखाडी पट्ट्या सोडलेल्या असतात, कारण स्क्रीनचं नेमकं माप ही ओळखीची खूण होते.
एकही एक्स्टेन्शन घालू नका. जाहिराती अडवणारंसुद्धा. त्याने तुम्ही बाकीच्या टॉरवाल्यांहून वेगळे दिसता.
उतरवलेली पीडीएफ किंवा वर्ड फाइल नेट चालू असताना बाहेरच्या प्रोग्रॅमात उघडू नका. आत दडलेलं एखादं चित्र सर्व्हरवरून मागवलं जातं आणि ते तुमच्या खऱ्या आयपीवरून.

आणि ढालीच्या चिन्हात सुरक्षेच्या तीन पातळ्या आहेत. मधल्या पातळीवर एचटीटीपीएस नसलेल्या साइटवर जावास्क्रिप्ट बंद होते, सर्वात वरच्यावर सगळीकडेच. नुसतं वाचायचं असेल तर मधली बरी. पातळी बदललीत तर ब्राउझर बंद करून पुन्हा चालू करा.

पाटावरवंटा:
'न्यू आयडेंटिटी' आणि 'न्यू सर्किट' यांत फरक काय? दोन्ही दाबून बघतो तर दोन्हींनी देश बदलतात.

दगडफूल:
'न्यू सर्किट' फक्त त्या साइटपुरती वाट बदलतं, कुकीज तशाच राहतात. साइट तुम्हाला ओळखतेच. एक्झिट अडवलेला असेल किंवा पान रखडलं असेल तेव्हा ते वापरा. 'न्यू आयडेंटिटी' सगळे टॅब बंद करतं, कुकीज आणि तात्पुरता साठा पुसतं. दोन विषय एकमेकांना चिकटू नयेत असं वाटत असेल तर हे.

मेतकूट:
बँकेची साइट टॉरमधून उघडत नाही. सरकारी साइट तर नावच घेत नाहीत.

सुगरण_पक्षी:
उघडूच नका. बँकेला तुम्ही कोण ते लॉगिन केल्या क्षणी कळतं, लपलं काय? उलट एकदा जर्मनीतून, दहा मिनिटांनी रोमानियातून लॉगिन दिसलं तर खातं गोठायचं. आणि आपल्या बऱ्याच सरकारी साइट परदेशी आयपीला दारातूनच परत पाठवतात. दुबई, न्यू जर्सीतल्या मंडळींना हे चांगलं ठाऊक आहे. एक्झिट बहुतेक परदेशातलेच, त्यामुळे तेच होतं.

उंबरठा:
एक्झिटचा विषय निघालाच आहे तर २००७ चं प्रकरण सांगायला हवं. एका स्वीडिश सल्लागाराने पाच एक्झिट चालवले आणि त्यातून जाणारी उघडी रहदारी फक्त बघितली. अनेक देशांच्या वकिलातींच्या मेलखात्यांचे पासवर्ड हाती लागले, भारताच्याही. मेल एन्क्रिप्शनविना जात होता. पुढे २०२० मध्ये एका टोळीकडे काही काळ एक्झिट क्षमतेचा २० टक्क्यांहून जास्त हिस्सा गेला. ती क्रिप्टोच्या साइटवर जाणाऱ्यांचं एचटीटीपीएस उतरवून पैसे पळवायची. त्यानंतर, २०२२ पासून, ब्राउझर मुळातच एचटीटीपीएसविना साइट उघडत नाही, आधी तंबी देतो. ती तंबी आली की परत फिरा.

नेटकर_७७:
म्हणजे टॉर फुटतोच की! पोलीस जर्मनीत पकडतातच ना लोकांना.

उंबरठा:
जर्मनीची बातमी सप्टेंबर २०२४ ची. तिथे रिलेवर दीर्घकाळ नजर ठेवून, वेळा जुळवून एका माणसाचा गार्ड शोधला गेला. तो जुनं, पुढे देखभाल थांबलेलं चॅट सॉफ्टवेअर वापरत होता, असं टॉर प्रोजेक्टचं म्हणणं. दोन्ही टोकांवर ज्याची नजर आहे त्याला वेळा जुळवता येतात, हे टॉरच्या मूळ कागदपत्रांतच लिहिलेलं आहे. लपवलेलं काही नाही.

पण बहुतेक जण यातल्या कशानेच सापडत नाहीत. सिल्क रोड या टॉरवरच्या अमली पदार्थांच्या बाजाराचा रॉस उल्ब्रिक्ट २०१३ मध्ये पकडला गेला. तपासातला एक मोठा धागा काय, तर सुरुवातीला साइटची जाहिरात करताना वापरलेल्या टोपणनावाखालीच त्याने दुसरीकडे स्वतःच्या नावाचा जीमेल पत्ता दिला होता.

बाराखडी:
हा मुद्दा मराठीत लिहिणाऱ्यांना जास्त लागू आहे. इंग्रजीत लिहिणाऱ्याच्या मागे कोट्यवधींची गर्दी आहे. मराठीत एखाद्या तालुक्याच्या पाणीपुरवठ्याबद्दल निनावी लिहिणारे किती असणार? त्यात तुम्ही 'व्हतं', 'जाऊन राहिलो' लिहिलंत की जिल्हा कळला. अनुस्वार कुठे देता, 'आणि'चा 'णि' दीर्घ काढता का, वाक्यानंतर दोन टिंबं की तीन, या सवयी आपल्या नावाच्या फेसबुक खात्यावरही तशाच असतात.

त्याहून वाईट म्हणजे टंकन. रोमन अक्षरांत लिहून मराठी करून देणाऱ्या ऑनलाइन साधनात तुमचं प्रत्येक अक्षर त्या कंपनीच्या सर्व्हरवर जातं. बोलून टाइप करण्याचंही बहुधा तेच. टॉर एका बाजूला राहतो आणि मजकूर दुसऱ्या दाराने जातो. विंडोजमधला 'मराठी फोनेटिक' किंवा इनस्क्रिप्ट कीबोर्ड मशीनवरच चालतो, तो वापरा. फोनवर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये जाऊन सूचना आणि वापराची माहिती पाठवणं बंद करा.

जाता जाता, श्रीलिपीसारखे आपण मशीनवर टाकलेले फॉन्ट टॉर ब्राउझर पानाला दाखवत नाही, कारण बसवलेल्या फॉन्टांची यादीही ओळख पटवते. जुन्या मराठी साइट युनिकोडमध्ये नसतील तर अगम्य दिसतील. तो बिघाड नाही.

खडूस_काका:
'आणी' लिहिणाऱ्यांना पकडायला टॉर कशाला फोडायचा, मीच रोज पकडतो.

मेतकूट:
फोनवर काय करायचं? ऑर्बॉट की टॉर ब्राउझर?

दगडफूल:
वाचायला टॉर ब्राउझर. ऑर्बॉट इतर ॲपची रहदारी टॉरमधून नेतो, पण ॲपच तुमचा नंबर आणि जाहिरात ओळखक्रमांक सांगत असेल तर आयपी लपवून उपयोग शून्य. डेटा पाठवण्याच्या दोन पद्धतींपैकी टॉरमधून फक्त टीसीपी जातं, यूडीपी नाही. त्यामुळे व्हॉट्सॲप कॉल वगैरे नीट चालणार नाहीत. टोरंट तर अजिबात नको: नेटवर्कवर भार पडतो आणि बरेच प्रोग्रॅम तुमचा खरा आयपी आतच लिहून पाठवतात. आयफोनवर अधिकृत टॉर ब्राउझर नाही. तिथे 'अनियन ब्राउझर' आहे, पण ॲपलच्या इंजिनावर बसल्यामुळे त्याचं संरक्षण कमी.

नर्मदेकाठ:
कोणी वापरण्यापलीकडे मदत करू इच्छित असेल तर: घरून रिले चालवायला किमान १० एमबीपीएस मोकळी हवी आणि महिन्याला किमान १०० जीबी बाहेर जायला हवं. आपल्याकडे अनेक जोडण्यांवर एकच सार्वजनिक आयपी शेकडो ग्राहकांत वाटलेला असतो, तिथे बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोचतच नाही, रिले चालत नाही. एक्झिट घरून कधीच चालवू नका, तक्रारी तुमच्याच आयपीवर येतील. स्नोफ्लेकचं एक्स्टेन्शन मात्र रोजच्या फायरफॉक्स किंवा क्रोममध्ये टाका (टॉर ब्राउझरमध्ये नव्हे). तुमच्या आयपीवरून कोणतीही साइट उघडली जात नाही, तुम्ही फक्त आत येण्याची वाट होता.

बोरकूट:
पहिल्या कामाचं उत्तर मिळालं. दुसऱ्याकडे वळूया का? माहिती अधिकारात मिळालेले कागद पत्रकाराला पाठवायचे, हे उदाहरण धरा.

गजरेवाली:
मग आधी टॉर बाजूला ठेवा. माहिती अधिकाराच्या उत्तराच्या पहिल्याच पानावर अर्जदाराचं नाव, पत्ता आणि जावक क्रमांक असतो. ते पान काढलंत तरी त्या विषयावर अर्ज कोणी केले हे जन माहिती अधिकाऱ्याच्या नोंदवहीत आहे. पानांवर 'सत्यप्रत'चा शिक्का आणि तारीख असते. बातमी छापून आली की कचेरीत वही उघडून पाच मिनिटांत नाव काढतील. कागद आतून मिळालेले असतील तर ते किती जणांच्या टेबलावर गेले ते मोजा. तीन असतील तर तुम्ही तिघांपैकी एक, ब्राउझर कोणताही असो. पत्रकाराला हे आधी सांगा, म्हणजे तो कागद न छापता त्यातली माहिती दुसऱ्या वाटेने पक्की करेल.

सुगरण_पक्षी:
+१. आणि मग तंत्राचं:

फोनने काढलेल्या फोटोत वेळ, फोनचं मॉडेल आणि बहुधा ठिकाणही असतं. वर्ड फाइलमध्ये लेखकाचं नाव. रंगीत लेझर प्रिंटर बरेचदा पानावर फिकट पिवळे ठिपके छापतात, त्यात यंत्राचा क्रमांक आणि वेळ असते. स्कॅन कृष्णधवल करा.

मेल खातं नवं उघडायचं तर ते पहिल्यापासून शेवटपर्यंत टॉरमधूनच. फोन नंबर मागितला तर ते खातं सोडा, सिम ओळखपत्रावरच मिळतं. 'एन्क्रिप्टेड मेल आहे, मग काय' हेही पुरत नाही: २०२१ मध्ये स्विस अधिकाऱ्यांच्या आदेशावरून प्रोटॉन या मेलसेवेला एका फ्रेंच आंदोलकाचा आयपी द्यावा लागला होता. मजकूर बंदच होता, आयपीने काम झालं. तो टॉरमधून गेला असता तर द्यायला खरा आयपी नसता.

ज्या वृत्तपत्राकडे सिक्युअरड्रॉप (टॉरमधून निनावी कागद स्वीकारणारी पेटी) आहे तिथे ५६ अक्षरांचा डॉट अनियन पत्ता असतो, तो त्यांच्या अधिकृत पानावरूनच घ्या. नसेल तर अनियनशेअर: तुमच्याच मशीनवर तात्पुरता पत्ता तयार होतो, फाइल उतरवली की बंद. समोरच्याने उतरवेपर्यंत मशीन चालू राहिलं पाहिजे. आणि हे सगळं ऑफिसच्या लॅपटॉपवर नाही. तिथे स्क्रीनच बघितली जात असते.

उंबरठा:
म्हणून दुसऱ्या कामासाठी टेल्स ही ऑपरेटिंग सिस्टिम. किमान ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर बसतं, मशीन त्याच्यावरून चालू करायचं, हार्डडिस्कला हात लागत नाही, सगळी रहदारी टॉरमधून, बंद करताना मेमरी पुसली जाते. फोटो-फाइलमधली माहिती काढणारं 'मेटाडेटा क्लीनर' त्यात आधीपासून आहे. पेनड्राइव्हवर आधी जे असेल ते पुसलं जातं, हे लक्षात असू द्या.

पाटावरवंटा:
टेल्स चालू होतं, पण ब्रिज टाकला की टॉर जोडलाच जात नाही. ब्रिज बदलून पाहिले. विंडोजवर तोच ब्रिज लगेच चालतो.

उंबरठा:
घड्याळ. विंडोज मशीनच्या घड्याळात भारतीय वेळ लिहितं, टेल्स तीच यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) समजतं, म्हणजे साडेपाच तास पुढे. ब्रिजविना टेल्स वेळ स्वतः दुरुस्त करून घेतं. ब्रिज निवडलात की ते बऱ्याचदा जमत नाही आणि जोडणी अडते. जोडणीच्याच खिडकीत 'फिक्स क्लॉक' येतं. तिथे आशिया-कोलकाता निवडा आणि तारीख-वेळ मिनिटापर्यंत बरोबर टाका. साध्या टॉर ब्राउझरमध्येही जोडणी सुरुवातीलाच अडकली तर पहिल्यांदा घड्याळ बघायचं, मग फायरवॉल.

पाटावरवंटा:
जोडलं! टेल्समधलं घड्याळ साडेपाच तास पुढेच होतं.

मेतकूट:
वाचनखूण साठवली. ४ जीबीचा पेनड्राइव्ह पडून आहे, चालेल का?

दगडफूल:
नाही. ८ म्हणजे ८. आणि नवा घ्या, लग्नाच्या फोटोंचा नको.